चौदाचा पाढा

आमच्या साडूभाऊंनी गाडी घेतली. पेढे वाटत ते सोसायटीच्या फाटकाशी आले, तेव्हा वॉचमनने पेढा तोंडात टाकला, तो विरघळेपर्यंत गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "साहेब, किती देते?"

"चौदा," साडूभाऊ म्हणाले.

वॉचमनच्या चेहऱ्यावर आदर उमटला. एवढं मोठं धूड, आत सोफ्यासारख्या सीटा, आणि तरी चौदा देते! त्याची स्वतःची मोटारसायकल साठ देते, पण तिच्यावर बसलेल्याला कोणी साहेब म्हणत नाही.

'किती देते' हा प्रश्न आपल्याकडे दोघींनाच विचारतात, गाडीला आणि म्हशीला. तिसरी बँक, पण ती हल्ली काही द्यायच्या मनःस्थितीत नसते. पंढरपुरी म्हशीच्या लांबलचक शिंगांचं कौतुक दोन मिनिटांत आटोपतं, मग गिऱ्हाईक खाली वाकून सडांकडे बघतं. गाडीचंही तेच. मारुती सुझुकीनं 'कितना देती है' एवढ्या तीन शब्दांवर जाहिरातींची अख्खी मालिका चालवली आणि ती देशभर पाठ झाली, यात त्या जाहिरातवाल्यांचं कसब होतंच, पण अर्धं काम म्हशींनी आधीच करून ठेवलं होतं.

साडूभाऊ मूळचे वाळवा तालुक्यातले. गावी चार एकर ऊस, पुण्यात सेंटरिंगची ठेकेदारी. गाडी जर्मन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिचा दोष किती आणि आमच्या पाव्हण्यांचा किती, याचा निकाल अजून घरातच लागलेला नाही. साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, वय दहा वर्षं, वजन पावणेदोन टन. पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्यातून शेपूट दीड फूट बाहेर राहते आणि तिला वळसा घालून दूधवाल्याला जावं लागतं. नवी असताना साठ लाखांच्या वर होती. साडूभाऊंना पडली चौदा लाखांना.

"डॉक्टरची गाडी आहे," एजंट म्हणाला होता. जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रत्येक गाडी डॉक्टरची असते. महाराष्ट्रात डॉक्टरांच्या म्हणून जेवढ्या गाड्या खपल्या, तेवढे डॉक्टर खरोखर असते तर एकाही प्राथमिक आरोग्य केंद्रातली जागा रिकामी राहिली नसती. त्याआधी साडूभाऊंनी दिल्लीची एक डिझेलही बघितली होती. राष्ट्रीय हरित लवादानं 2015 मध्ये दिल्लीतल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गदा आणली, आणि तिथल्या श्रीमंतांनी टाकलेल्या गाड्या इकडे मोसंब्यांसारख्या स्वस्त दिसायला लागल्या. पण एनओसी आणा, इथला कर भरा, नंबर बदला हे ऐकून आमच्या मेव्हणीबाईंनी सांगितलं, "दिल्लीचं काही घरात नको." म्हणून डॉक्टरची.

चौदा हा आकडा कुठून आला, तर गाडीतूनच. स्टिअरिंगच्या मागे जो पडदा आहे त्यावर गाडी स्वतःहून सांगते. साडूभाऊंचा यंत्रावर विश्वास. माणूस खोटं बोलेल, जर्मन यंत्र बोलणार नाही. शिवाय कागदावरचा आकडा साधारण अकरा होता आणि ही चौदा दाखवत होती. "म्हंजे बगा पावणं, सरकारी आकड्यापरास जास्त! असली गाडी नशिबानं मिळती."

सरकारी आकडा म्हणजे आमच्या शेजारचाच. कोथरूडमध्ये वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, 1966 साली स्थापन झालेली. जाहिरातीत 'एआरएआय प्रमाणित' असं लिहून जे मायलेज छापतात, त्यातला एआरएआय तो हाच. मी रोज सकाळी टेकडीवर फिरायला जातो, त्यामुळे मला त्या संस्थेबद्दल घरोबा वाटतो. तिथे गाडी रस्त्यावर पळतच नाही. ती रोलरवर उभी करतात, चाकं जागच्या जागी फिरतात, समोरून पंखा वारा घालतो आणि ठरवून दिलेल्या चालीनं वीसेक मिनिटं ती चालवतात. वेग 90 च्या वर न्यायचा नाही. एसी बंद. ही परीक्षा प्रामाणिक आहे, सगळ्या गाड्यांना सारखी आहे, तक्रार करायला जागा नाही. फक्त त्या खोलीत पौड फाट्याचा सिग्नल नाही, डावीकडून घुसून उजवीकडे वळणारी स्कूटर नाही आणि मागच्या सीटवर "एसी वाढवा हो" म्हणणाऱ्या मेव्हणीबाई नाहीत. टेकडीवरून उतरल्या उतरल्या हे तिन्ही भेटतात.

तर साडूभाऊंच्या गाडीतून आम्ही मुंबईला एका लग्नाला निघालो. पुढे साडूभाऊ आणि मी, मागे दोघी बहिणी आणि मध्ये आमची सातवीतली कन्या. कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या खांबांमधून आम्ही पावलापावलानं सरकत होतो. अर्ध्या तासात किती अंतर कापलं ते मी सांगत नाही, पुण्याची बदनामी होते. साडूभाऊ मात्र खुशीत.

"बगा बगा, ट्रॅफिकमदी सोळा द्यायला लागली. आता अठरा!"

मी आयुष्यभर मराठी विषय शिकवला असल्यामुळे गप्प बसलो. पण मनात आलं, की गर्दीत गाडी जास्त देते हा विज्ञानाचा कुठला नियम?

एक्सप्रेसवेला लागलो. सकाळची वेळ, मोकळा रस्ता, गाडी शंभरच्या खाली एका वेगात, आत आवाज नाही. खरं सांगतो, त्या अर्ध्या तासात मला साडूभाऊंचा हेवा वाटला. पाण्याच्या ग्लासावर तरंगही उमटू नये अशी ती गाडी जात होती. पण साडूभाऊंचं तोंड पडलं. पडद्यावरचा आकडा घसरत घसरत नऊवर आला होता.

"रस्त्यात दम न्हाई," ते म्हणाले. "320 रुपये टोल घेत्यात आन् ॲव्हरेज बगा."

खंडाळ्याचा उतार लागला. पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला, आकडा दोन, एक, आणि चक्क शून्य. साडूभाऊ हबकले. "उताराला काहीच देत न्हाई! आळस करती." वाशीला मात्र पुन्हा मूड आला. मुंबईच्या वेशीवरचा 45 रुपयांचा टोल ऑक्टोबर 2024 मध्ये हलक्या वाहनांना माफ झाला, आणि आमचं पावणेदोन टनांचं हलकं वाहन त्या रिकाम्या टोलनाक्यातून ताठ मानेनं गेलं. साडूभाऊंनी ते 45 रुपये दिवसभरात लग्नातल्या निदान सहा जणांना सांगितले.

परतताना घाट चढायला लागलो तसा आकडा उसळला. वीस, बावीस, पंचवीस.

"चढाला पंचवीस!" साडूभाऊंनी स्टिअरिंगवर थाप मारली. "बैल असावा तर असा. चढ बगितला की अंगात येतंय."

मागून कन्येचा आवाज आला. "काका, त्या आकड्याखाली बारीक काय लिहिलंय?"

साडूभाऊंचा चष्मा घरी होता. माझाही. कन्येनं दोन सीटांच्या मधून मुंडकं पुढे काढलं आणि वाचलं, "लिटर पर हंड्रेड किलोमीटर."

गाडीत शांतता पसरली. तशी त्या गाडीत नेहमीच असते, कंपनी त्याचेच पैसे घेते, पण ही वेगळी होती. कन्येनं बोटं मोडत हिशेब केला. "म्हणजे शंभर किलोमीटरला चौदा लिटर. म्हणजे एका लिटरला…" आणि तिनं सरळ पाढा म्हटला, "चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव. सात, काका. सात देते."

बे सत्ते चौदा हेही त्याच वेळी माझ्या मनात आलं, पण साडूंच्या नात्यात काही गोष्टी बोलायच्या नसतात.

मग सगळं उलगडलं. गर्दीत अठरा, म्हणजे लिटरला साडेपाच. मोकळ्या रस्त्यावर नऊ, म्हणजे अकरा. उतारावर शून्य, म्हणजे तेवढ्यापुरतं काहीच पीत नाही. गाडी पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती, पण जर्मन रीतीनं. युरोपात बहुतेक ठिकाणी गाडी किती देते असं मोजतच नाहीत, किती पिते ते मोजतात. त्यांच्याकडे आकडा वाढला की शरमेनं मान खाली जाते, आपल्याकडे वाढला की पेढे. तिकडची गाडी गुत्त्यावरच्या खात्यासारखी मोजली जाते, इकडची गोठ्यातल्या म्हशीसारखी. एकच पडदा आणि एकच चौदा, आणि साडूभाऊंनी चार महिने धार काढायला म्हणून जिच्याखाली बादली लावली होती ती मुळात प्यायला बसली होती.

त्या रात्री मी हिशेब मांडला. लिटरला सात आणि पेट्रोल 104 च्या आसपास, म्हणजे किलोमीटरला साधारण 15 रुपये, नुसत्या पेट्रोलचे. पुण्यात 2022 च्या सप्टेंबरात रिक्षाचा दर किलोमीटरला 17 रुपये झाला. त्या 17 रुपयांत रिक्षा येते, गॅस येतो, रिक्षावाला येतो, त्याची मतंही येतात. महिन्याला हजार किलोमीटर फिरलं तर साडूभाऊंचं पेट्रोल 14 हजारांच्या वर. पुन्हा चौदा. मी वही मिटली.

साडूभाऊ खचणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी काटकसर सुरू केली. चाकांत नायट्रोजन भरला. एसी बंद, काचा खाली. मसाज करणाऱ्या सीटवर घामानं चिंब होऊन ते साइटवर पोचायला लागले. आणि पेट्रोल हजाराचंच टाकायला लागले. 80 लिटरची टाकी, त्यात साडेनऊ लिटर. हंड्यात वाटीभर पाणी. काट्याजवळचा पिवळा दिवा कायम पेटलेला, देवघरातल्या समईसारखा. यामागे त्यांचा युक्तिवाद होता: टाकी भरली की गाडीचं वजन वाढतं आणि वजन वाढलं की जास्त पिते. शास्त्राला धरून होता तो, 50 किलोंपुरता.

पण पेट्रोलचा पंप टाकीच्या आत बुडालेला असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनंच गार राहतो, हे शास्त्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तीन महिने तळाशी तापून तो पंप एका दुपारी नळ स्टॉपच्या चौकात वारला. बिल 46 हजार. वाचवलेल्या पेट्रोलचा हिशेब मी विचारला नाही. मेव्हणीबाईंनी विचारला.

आता खरी गोष्ट इथे सुरू होते, कारण पेट्रोल हा त्या गाडीचा सर्वांत स्वस्त खुराक आहे. गाडी म्हातारी होते, तिची किंमत साठ लाखांवरून चौदा लाखांवर येते, तिचे पार्ट मात्र म्हातारे होत नाहीत. दिव्याला, पंपाला, सेन्सरला ठाऊक नसतं की आपली मालकीण आता सेकंडहँड झाली आहे. चौदा लाखांना गाडी घेणारा स्वतःला चौदा लाखांचा मालक समजतो, आणि पार्टच्या खिडकीवर त्याच्याशी साठ लाखांच्या मालकाशी बोलावं तसं बोलतात. आदरानं. "सर, कॉफी घेणार?" ती कॉफीसुद्धा बिलात कुठेतरी असतेच.

एका सकाळी वॉचमनचा फोन आला, "साहेब, गाडी बसली." साडूभाऊंना वाटलं बॅटरी. खाली जाऊन बघतात तर गाडी शब्दशः बसली होती. या गाड्यांना स्प्रिंगांच्या जागी हवेचे फुगे असतात. एक फुगा रात्रीत गळला आणि गाडीनं पुढचा डावा गुडघा टेकला, ढेपेवर रुसलेल्या बैलासारखा. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला. स्कॅनर लावण्याचे पैसे वेगळे. तो म्हणाला, फुगा गळत होता म्हणून त्यात हवा भरणारा कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालत राहिला आणि तोही जळला. एकाच्या आजारपणात दुसरा खपला, अशी घरं आपण बघितलेली असतात. जुन्या पार्टसाठी नाना पेठ झाली, कुर्ल्याचा सीएसटी रोड झाला, शेवटी दिल्लीच्या मायापुरीतून काढीव माल आला. मेव्हणीबाई म्हणाल्या, "शेवटी दिल्लीचंच आलं ना घरात?"

टायरचं सांगायचं राहिलंच. या गाडीला स्टेपनी नाही. पंक्चर झालं तरी ऐंशीएक किलोमीटर पळेल असा टायर आहे म्हणून स्टेपनी नाही. पेठ नाक्याच्या पंक्चरवाल्यानं तो टायर ठोकून बघितला, डिकी उघडून बघितली, आणि दोन कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी बघावा तसं साडूभाऊंकडे बघून म्हणाला, "मालक, हे आपल्याच्यानं न्हाई व्हायचं."

हे सगळं गरिबाचं रडगाणं झालं, चौदा लाखांच्या गरिबाचं. आमच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर एक बिल्डर आहेत. त्यांच्याकडे याच जातीची, पण नवीकोरी, दीड कोटीची. तेही एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाले, "सिटीत आठच देते हो." त्यांच्या आवाजात खरंच दुःख होतं. विम्याच्या कोष्टकाप्रमाणे गाडीची किंमत पाच वर्षांत निम्मी होते. म्हणजे 75 लाख गेले. दिवसाला साधारण 4100 रुपये, गाडी खाली झाकण घालून उभी असताना. तेवढ्याच पैशांचं पेट्रोल जाळायचं तर त्यांना रोज पुणे-मुंबई-पुणे करावं लागेल, रविवारसकट. त्यांची गाडी महिन्यातून चारदा बाहेर पडते, आणि ते आठसाठी हळहळतात. बसल्या जागी 4100 रुपये पिणाऱ्या जनावराला कोणी विचारत नाही की तू घेतेस किती.

अर्थात गाडी त्यांच्या नावावर नाहीच, कंपनीच्या नावावर आहे. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला रस्ता कर चांगला 20 टक्के लागतो, पण तो कंपनी भरते. पेट्रोलही कंपनीच भरते. मग साहेबांना मिळणाऱ्या या सुखाची किंमत त्यांच्या उत्पन्नात किती धरायची? आयकराच्या नियमांत कित्येक वर्षं याचं उत्तर होतं: इंजिन 1.6 लिटरपेक्षा मोठं असेल आणि गाडी थोडी कामाला, थोडी घरच्याला वापरली, तर महिन्याला 2400 रुपये. ड्रायव्हर असेल तर त्याचे आणखी 900. दीड कोटीच्या गाडीचं सुख 2400 रुपये! आमचा वॉचमन मोटारसायकलवर हिंजवडीला रात्रपाळीला जात असता तर त्याचं पेट्रोलच जवळपास तेवढं झालं असतं. ही गोष्ट मी साडूभाऊंना सांगितली, तर ते रात्रभर झोपले नाहीत. सकाळी फोन आला, "पावणं, सेंटरिंगची कंपनी काढायला काय खर्च येतोय?"

परवा त्यांच्याबरोबर पुन्हा पंपावर गेलो. वाटेत त्यांनी मोठ्या मनानं पडद्याची मांडणी बदलून घेतली होती, कन्येकडूनच. आता तिथे किलोमीटर पर लिटर, 7.1. साडूभाऊ त्या आकड्याकडे बघत नव्हते. त्यांनी एक नवा विषय शोधला होता.

"आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल हाय. म्हंजे उसाचं. म्हंजे ही गाडी आपलाच ऊस पिती, बगा. घरचं जनावर, घरचा चारा."

हे खरं होतं आणि नव्हतंही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जवळजवळ दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे घरच्या चाऱ्यावर हे जनावर आणखी थोडं जास्त पिणार. त्यातून टाकीच्या झाकणाच्या आत जर्मन लोकांनी 'ई10' अशी चिठ्ठी चिकटवून ठेवलेली, तिच्याकडे बघून साडूभाऊ झाकण हळूच लोटून घेतात. कारखान्यानं त्यांच्या उसाचं मागचं बिल अजून दिलेलं नव्हतं, हेही मी काढलं नाही. मला वेगळंच आठवत होतं. 2015 मध्ये दुष्काळासाठी म्हणून राज्यानं पेट्रोलवर लिटरला 2 रुपये चढवले, आणि 2017 मध्ये महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली तेव्हा बुडालेल्या महसुलाच्या भरपाईला आणखी 3. म्हणजे पिणाऱ्यांची जागा पिणारीनंच भरून काढली. परभणीचे लोक तर मनमाडच्या इंधन डेपोपासूनच्या अंतराचेही पैसे भरतात आणि राज्यात जवळपास सर्वांत महाग पेट्रोल टाकतात; साडूभाऊंच्या एका व्याह्यांकडे परभणीत असलीच गाडी आहे. ते ती फक्त दसऱ्याला बाहेर काढतात, झेंडूचा हार घालून, आणि पुन्हा आत ढकलतात. ढकलतात म्हणजे खरोखर ढकलतात.

पंपावरच्या मुलानं झाकण उघडलं, नळी लावली आणि गाडीवरून हात फिरवत विचारलं, "साहेब, किती देते?"

मी साडूभाऊंकडे बघितलं. साडूभाऊंनी माझ्याकडे बघितलं.

"चौदा," ते म्हणाले. "टाकी फुल कर."

"झिरो बघा, साहेब."

साडूभाऊंनी झिरो बघितला. पुढचे आकडे पळायला लागल्यावर ते वळले आणि पंपामागच्या उसाच्या रसाच्या गाड्याकडे चालू लागले.